बोंबलाने पेटवलेला दिवा

मनोरमाबाईंच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस रविवार होता. सकाळी त्यांनी घावने घातले, पहिला तव्याला चिकटला म्हणून तव्यालाच चार शब्द सुनावले, आणि पाण्याचा तांब्या रिकामा करून तो पुन्हा भरायला मुलीला हाक मारली.

"किती पाणी पितेस गं आई," विनिता म्हणाली.

"आतली घाण बाहेर पडते आहे. महाराजांनीच सांगितलंय."

मग त्या ठेवणीतली साडी नेसल्या, आपला दिवा रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि वसईतल्या माणिकपूरच्या हॉलकडे निघाल्या. सोबतीला मुलगी होती, आणि चपला सापडत नसल्याची तक्रार करत मागून नवरा, प्रल्हादराव.

हॉल लग्नाचा होता. आदल्या संध्याकाळच्या नवरानवरीची थर्माकोलची अक्षरं अजून अर्धी भिंतीला चिकटलेली होती आणि त्यांच्याच खाली, नवरदेवाच्या लाल खुर्चीवर, ऊर्जेश्वर महाराज विराजमान व्हायचे होते. गर्दी म्हणाल तर पाय ठेवायला जागा नाही. विरारच्या सोसायट्यांमधली नोकरदार कुटुंबं होती, खाडीकाठची शेतकरी मंडळी होती, आणि भुईगावाकडून रिक्षा करून आलेल्या ख्रिस्ती बायकाही होत्या. प्रत्येकाच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेला एक पांढरा बल्ब. त्याला बल्ब म्हणायचं नाही, दीप म्हणायचं, अशी ताकीद होती.

दाराशी तांब्याचं मोठं घंगाळ ठेवलेलं होतं. त्यात समुद्रतीर्थ. आत शिरणाऱ्याने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे आणि पुसायचे नाहीत. महाराजांना वसई बरोबर कळली होती. देवळात जाणाऱ्यांना ते तीर्थ वाटलं. चर्चमध्ये जाणाऱ्या बायकांनी दारातल्या पवित्र पाण्याच्या सवयीने बोटं बुडवली, क्रूसाची खूण केली, आणि मग लक्षात आल्यावर उरलेला हातही बुडवला. प्रत्येकाला आपापल्या घरातलंच काहीतरी वाटलं. त्यामुळे पाणी इतकं खारट का आणि हात पुसायचा का नाही, हे कुणी विचारलं नाही.

महाराज आले. भगवा कुर्ता, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि गालाला चिकटलेला माइक.

"विज्ञान काय म्हणतं?" त्यांनी सुरुवात केली. "सर्किटमध्ये घटक दोन प्रकारचे. ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह. आमच्या ऋषींनी हेच सांगून ठेवलंय."

कोणत्या ऋषींनी, हे बहुधा ऋषींनाही ठाऊक नसावं.

"रेझिस्टर म्हणजे काय? विरोध. सासूला विरोध, सुनेला विरोध, डाळीत मीठ जास्त पडलं की त्यालाही विरोध. कपॅसिटर म्हणजे काय? साठवण. नणंद लग्नात काय बोलली, ते अजून साठवून ठेवलंय. इंडक्टर? त्याला बदलच नको. सोफ्यावरून उठणार नाही." इथे एका बाईने नवऱ्याला कोपर मारलं आणि आजूबाजूचे हसले. "हे तिन्ही पॅसिव्ह. माणूस आजारी का पडतो? पॅसिव्ह होतो म्हणून. आणि मी काय करतो? मी तुम्हाला ॲक्टिव्ह करतो."

कुठल्याशा पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान महाराजांनी वाचलं असावं. दुसरं पान वाचलं असतं तर त्यांचा धंदा तिथेच बसला असता.

मागच्या बाजूला एक तरुण काहीतरी कुजबुजला. महाराजांनी त्याला प्रेमाने वर बोलावलं. जितेश नावाच्या शिष्याने लगबगीने त्याच्यापुढे एक घडी केलेला टॉवेल धरला. "आधी अहंकार पुसून घ्या, दादा." टॉवेलला पावडरीचा वास येत होता. तरुणाने हात पुसले, तळहातावर बल्ब उभा केला. बल्ब मख्ख. तोच बल्ब महाराजांनी आपल्या ओल्या तळहातावर ठेवला आणि तो लख्ख पेटला. ना वायर, ना बटण. हॉलभर टाळ्या. तरुण लाजून खाली उतरला.

मग मनोरमाबाईंचा पुकारा झाला. तीर्थाने निथळता हात त्यांनी पुढे केला, बल्ब उभा केला आणि तो असा पेटला की त्यांचा चेहरा खालून उजळून निघाला. प्रल्हादरावांनी हात जोडले. पायऱ्या उतरताना जितेश मनोरमाबाईंच्या कानाशी काहीतरी बोलला. विनिताला ते ऐकू आलं नाही.

घरी येताना मनोरमाबाईंनी रिक्षा थांबवून वांगी घेतली. "दिसलं ना तुला?" त्यांनी विचारलं.

"दिसलं," विनिता म्हणाली.

ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होती आणि बुवाबाजीबद्दल तिने इतकं वाचलं होतं की आता त्याचा तिला कंटाळाच येई. आईला चार बायकांत बसायला मिळतं, इन्सुलिन ती घेतेच आहे, मग बल्ब का पेटेना, असं तिला वाटे. मनोरमाबाई रोज न चुकता इंजेक्शनची डबी घेऊन मोरीत जात आणि दार लावून घेत. आत काही घेत नसत.

त्या आठवड्यातच त्या गेल्या. आधी उलट्या, मग ग्लानी, मग दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विनिताला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. "इन्सुलिन बंद करून बरेच दिवस झालेत. तुम्हाला माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं. विनिताने नकारार्थी मान हलवली. भेटायला येणारे म्हणत, हार्टचंच असणार, कुणाला त्रास न देता गेली. विनिता पाणी आणून देई. डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिच्या तोंडाशी येऊन बसलं होतं आणि तिथून ते हललं नाही.

महाराज जातीने समाचाराला आले. फोटोला हार घातला आणि डोळे मिटून म्हणाले, "शेवटी दीप पेटला नाही ना? मला इथे बसूनच कळलं. घरात कुणीतरी शंका घेतली." प्रल्हादरावांचा चेहरा पांढरा पडला. महाराजांनी तो पाहिला आणि चहा घेऊन गेले.

तेव्हापासून प्रल्हादराव एकही रविवार चुकवेनात. आणि एका शनिवारी सकाळी विनिताने पाहिलं, ते आपल्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरत होते.

"हे काय, बाबा?"

"उद्या महाराजांच्या पायाशी ठेवणार. बाहेरचा सप्लाय बंद."

"तुमच्या छातीत स्टेंट आहे. त्यातली एक गोळी जरी सोडली ना..."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

प्रल्हादराव खुर्चीवर बसले. आयुष्यभर बँकेत हिशेब तपासलेला माणूस. त्यांना वाक्यं अर्धी सोडायची सवय नव्हती. "तुझ्या आईच्या हातात दिवा पहिल्यांदा पूर्ण उजळला, त्या दिवशीच जितेश तिला म्हणाला, आता शरीराला बाहेरचा सप्लाय लागणार नाही. शेवटच्या रविवारीही त्याने तेच बजावलं. तिने मला सांगितलं आणि शपथ घातली, विनूला कळू द्यायचं नाही. मग ती अंथरुणावर पडली. मला राहवलं नाही. फ्रिजमधलं इंजेक्शन काढलं आणि तिला दिलं. ती नको म्हणत होती. त्याच संध्याकाळी दिवा तिच्या हातावर ठेवला. पेटला नाही. शंका मी घेतली, विनू. तिचा दिवा मी विझवला. आता निदान माझ्या बाबतीत तरी शंका घ्यायची नाही."

विनिताने तोंड उघडलं. वाक्य तिथेच होतं. पण समोर बसलेल्या माणसाला ते ऐकवलं तर तो काय ऐकेल, याची तिला भीती वाटली. बायको औषधावाचून गेली आणि आपण उशीर केला, एवढंच. इतक्यात बेल वाजली.

प्रल्हादराव पिशवी उचलून आतल्या खोलीत गेले. दारात शेजारच्या क्लेमेंटीनमावशी होत्या. एका हातात ओल्या बोंबलांचं ताट, दुसऱ्या हातात त्यांचा दीप. मावशी मूळच्या भुईगावच्या. गुडघ्यांसाठी महाराजांकडे जात होत्या. गुडघे होते तिथेच होते.

"साफ करून आणलेत बाय, मीठ लावलंय, तू नुसते तळ," मावशी ओट्याजवळ येत म्हणाल्या. "आणि हे बघ ना, शनिवार आला की माझा दीप मंदावतो. सोमवारी कसा फटफटीत असतो. काल पोर्क खाल्लं त्याचं असेल का?"

"आपल्या मजल्यावरच्या जोशीकाकू पोर्क खात नाहीत," विनिता म्हणाली. "त्यांचाही शनिवारी मंदावतो."

"मग त्यांनी दुसरं काही केलं असेल."

"आणि रविवारी हॉलमध्ये बल्ब का जमा करून घेतात?"

"संस्कार करायला. आतल्या खोलीत नेतात, संध्याकाळी परत देतात."

मावशींना ताटही ठेवायचं होतं आणि दीपही. गडबडीत त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि पदर सावरायला म्हणून दीप त्या ताटातच टेकवला, एका लठ्ठ बोंबलाच्या पाठीवर. दीप पेटला.

दोघी बघत राहिल्या. मावशींनी दीप उचलला. विझला. पुन्हा टेकवला. पेटला.

"हा तर मेलाय," मावशी म्हणाल्या.

"सकाळपासून," विनिता म्हणाली.

तिने बल्ब उलटा केला. बुडाशी दोन चकचकीत टिकल्या होत्या, कुठल्याही बल्बला असतात तशा. मग तिने वरचा पांढरा घुमट पिरगाळला. तो टक्कन निघून आला. आत दिव्यांची चकती, तिच्याखाली एक हिरवी पट्टी आणि तिच्या पोटाशी करंगळीएवढी गोल बॅटरी.

मावशी वाकून पाहत होत्या. "अगो, असला बल्ब तर आमच्या प्लासिडने संडासात लावलाय. लाइट गेली तरी चालू राहतो, इन्व्हर्टर बल्ब म्हणतात." त्या क्षणभर थांबल्या. "म्हणजे मी इतके महिने संडासातल्या बल्बला नमस्कार करत होते?"

"फार तर त्याच्या चुलतभावाला."

घरी सांगितलं असतं तर प्रल्हादरावांना ती नवी शंकाच वाटली असती, म्हणून विनिताने त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉल नेहमीसारखाच भरला होता. महाराजांनी रेझिस्टर, कपॅसिटर, सासू, नणंद सगळं यथासांग केलं आणि मग आवाज ओला करून म्हणाले, "आज एक पिता आपला अहंकार सोडायला आलाय." प्रल्हादराव पिशवी घेऊन वर चढले. मागोमाग विनिता चढली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आई गेलेल्या मुलीला अडवायला जितेशलाही संकोच वाटला.

"महाराज," ती म्हणाली, "बाबांच्या आधी मी दीप हातावर घेऊ का?"

जितेश टॉवेल घेऊन धावला.

"नको. अहंकार राहू दे माझा," विनिता म्हणाली. घंगाळात बुडवलेला हात तिने पुढे केला. महाराजांच्या समोरचाच बल्ब उचलून तळहातावर ठेवला. पेटला.

महाराज खूश झाले. "पाहा, मुलीच्या मनातली शंका गेली. ही आज ॲक्टिव्ह झाली."

"माझी शंका अजून आहे तशीच आहे. आणखी एकाला तपासायचंय. मावशी, या ना वर."

क्लेमेंटीनमावशी गुडघ्यांना शिव्या घालत पायऱ्या चढल्या आणि त्यांनी स्टीलचा डबा उघडला. पहिल्या रांगेपर्यंत वास गेला. विनिताने बल्ब डब्यात टेकवला. लख्ख उजेड पडला.

"काय आहे त्यात?" मागून कुणीतरी ओरडलं.

"बोंबील," मावशींनी जाहीर केलं. "कालचा."

आधी एक बाई हसली, मग तिच्या शेजारची, आणि मग हसू रांगांमधून मागे पसरत गेलं.

"हे अपवित्र आहे," महाराज कडाडले. "साधनेच्या जागी मांस-मच्छी आणता?"

वसईत येऊन बोंबलाला अपवित्र म्हणणं ही त्यांची त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक ठरली. "ए, तोंड सांभाळ," खाडीकाठच्या एका म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून सुनावलं. "सासूला विरोध करतो का विचारा बोंबलाला," कुणी म्हणालं. "कपॅसिटर आहे की इंडक्टर?" दुसरा म्हणाला. जितेशने डबा ओढायचा प्रयत्न केला, पण मावशींनी तो छातीशी धरला. त्याच्या अंगावर मीठ-पाणी सांडलं तेव्हा तोच मागे सरला.

विनिताने बल्बचा घुमट पिरगाळून काढला आणि आतली बॅटरी सगळ्यांना दिसेल अशी धरली. तिचा आवाज मोठा नव्हता. हॉल आपणहून गप्प झाला.

"हा लाइट गेल्यावर लागणारा बल्ब आहे. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. वीज आत आहे, या बॅटरीत. बुडाच्या या दोन टिकल्या ओल्या कशाने तरी जोडल्या, की त्यातून अगदी जराशी वीज वाहते. आतल्या ट्रान्झिस्टरला तेवढा इशारा पुरतो आणि तो बॅटरी दिव्याला जोडून देतो. खारट पाण्याने हात ओला असेल तर काम सोपं होतं. पावडर लावून कोरडा केला तर होत नाही. आठवडाभर वापरून बॅटरी उतरते, म्हणून शनिवारी दिवा मंदावतो. त्यात तुमचं पाप नाही. आणि संस्कार म्हणजे आतल्या खोलीत लावलेले चार्जिंगचे होल्डर."

"हे अर्धवट ज्ञान आहे," महाराज म्हणाले.

"अर्धवट तुमचं. रेझिस्टर पॅसिव्ह असतो, हे तुम्ही बरोबर सांगता. या बल्बसाठी आपण सगळे रेझिस्टरच आहोत. मीही, बाबाही, हा बोंबीलही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जगातलं कुठलंही सर्किट रेझिस्टरशिवाय चालत नाही. पण ॲक्टिव्ह घटक म्हणजे काय, ते तुम्ही लोकांना सांगितलं नाहीत. ट्रान्झिस्टर वीज तयार करत नाही. बाहेरून मिळालेली वीज तो फक्त वळवतो, वाढवून दाखवतो. ज्याला बाहेरच्या सप्लायशिवाय पाऊलही टाकता येत नाही, त्यालाच ॲक्टिव्ह म्हणतात. आणि तुम्ही इथे माणसांना ॲक्टिव्ह करून त्यांचा सप्लाय बंद करायला सांगता."

हॉलमध्ये टक्कन आवाज झाला. कुणीतरी आपल्या बल्बचा घुमट काढला होता. मग दुसरा टक्. मग सगळीकडून.

"यापुढे कुणी औषध सोडायला सांगितलं, तर त्याला विचारा, कशावरून?" विनिता म्हणाली. "त्याने चमत्कार दाखवला, तर म्हणा, उघडून दाखव. खरी गोष्ट उघडल्याने बिघडत नाही. या बल्बला जिवंत माणूस आणि मेलेला मासा यांतला फरक कळत नाही. त्याच्या भरवशावर आपण कुणी काय खायचं, कुठली गोळी सोडायची ते ठरवतोय."

महाराज उठले होते. पांढरे शूज दाराच्या दिशेने वळले होते. पण माइक अजून गालालाच होता, आणि जाता जाता त्यांना शेवटचा घाव घालायचा मोह आवरला नाही. "एवढं कळतं, तर तुझ्या आईच्या हातात दीप का विझला, ते सांग. मासाही पेटवतो तो दिवा तिला पेटवता आला नाही."

हसणं थांबलं. प्रल्हादराव पिशवी घट्ट धरून उभे होते. विनिताने महाराजांकडे पाहिलं नाही. ती वडिलांकडे वळली.

"आई अंथरुणाला खिळली होती, बाबा. बल्ब रविवारनंतर चार्ज झाला नव्हता. साखर वाढली की शरीरातलं पाणी जातं. तिचे हात लाकडासारखे कोरडे झाले होते, तुम्हीच पाहिलेत. घंगाळ तिथे नव्हतं. म्हणून नाही पेटला."

"म्हणजे मी दिलेलं ते इंजेक्शन..."

इतके दिवस जी गोष्ट विनिताने कुणापुढेच उघड केली नव्हती ती तिने भरल्या हॉलमध्ये, नेहमीच्या आवाजात सांगितली.

"आई हार्टने गेली नाही, बाबा. इन्सुलिन सोडलं म्हणून गेली. या माणसाने सोडायला लावलं म्हणून गेली. तुम्ही दिलेलं ते एक इंजेक्शन कमी पडलं, जास्त झालं नाही. तुम्ही शंका घेतलीत, ते बरोबर केलंत."